एमजीबीवर वेबरचा मॅनिफोल्ड बसवल्यापासून आयडल खाली येत नाही

प्रश्न: भाट्येकर, रत्नागिरी

माझ्याकडे १९६७ची एमजीबी रोडस्टर (ब्रिटिश स्पोर्ट्स कार) आहे. इंजिन मूळचे, १७९८ सीसीचे, पाच मेन बेअरिंगांचे. कॅमशाफ्टही कंपनीचाच आहे. दोन्ही एसयू एचएस४ कार्बोरेटरांच्या थ्रॉटल स्पिंडलमध्ये बराच प्ले आला होता. त्यांचे बुश बदलण्याऐवजी मी परदेशातून मागवलेला ॲल्युमिनियमचा इनटेक मॅनिफोल्ड (कार्बोरेटरमधले मिश्रण इंजिनात नेणाऱ्या नळ्यांचा भाग) आणि त्यावर एक ४५ डीसीओई वेबर (दोन बॅरलचा कार्बोरेटर) बसवून घेतला. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड मात्र मूळचा, बिडाचाच आहे. नव्या मॅनिफोल्डच्या दोन नळ्यांना जोडणारी बॅलन्स नळी नाही. वेबरचा एक बॅरल पहिल्या-दुसऱ्या सिलिंडरला आणि दुसरा बॅरल तिसऱ्या-चौथ्या सिलिंडरला मिश्रण पुरवतो. आत ३६चे चोक, १४५चे मेन जेट, १९०चे एअर जेट, एफ१६ इमल्शन ट्यूब आणि ५० एफ८ आयडल जेट आहेत (जेट म्हणजे पेट्रोल किंवा हवा मापून सोडणारे छिद्राचे तुकडे). पेट्रोल पंप मूळचा, एसयूचा विजेवर चालणाराच आहे.

गाडी चटकन सुरू होते, पण तापल्यावर आयडल (पाय न दाबता इंजिन फिरण्याचा वेग) १२०० आरपीएमच्या खाली उतरत नाही, स्पीड स्क्रू थ्रॉटलपासून पूर्ण सोडवला तरीही. आरे-वारेच्या रस्त्याने हलक्या पायाने चालवताना कार्बोरेटरच्या तोंडातून फटफट होते आणि गाडी हिसके देते. उतारावर पाय काढला की सायलेन्सरमध्ये बार उडतात. मात्र पाय पूर्ण दाबला की काहीच तक्रार राहत नाही, उलट चढावर पूर्वीपेक्षा मोकळी ओढते. एका जाणकाराच्या सांगण्यावरून आयडल जेट ५५चे घातले, तेव्हा फटफट थोडी कमी झाली, पण तिसऱ्या-चौथ्या सिलिंडरचे प्लग काळे पडू लागले. पहिले दोन मात्र पांढरेच आहेत.

डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्युम ॲडव्हान्सची (हलक्या पायाला ठिणगी लवकर देणाऱ्या सोयीची) नळी लावायला नव्या कार्बोरेटरवर जागा नाही, म्हणून ती मी बंद केली आहे. क्रँककेसच्या वाफा पूर्वी जुन्या मॅनिफोल्डमध्ये ओढल्या जात. ती नळी आता गाडीखाली मोकळी सोडली आहे. पुढचे जेट मागवण्याआधी अनुभवी मंडळींचे मत हवे आहे.

उत्तर: जुना फिटर, चिपळूण

जेट मागवू नका. तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे, आणि ते प्लगच्या रंगात आहे. एकाच कार्बोरेटरच्या दोन्ही बॅरलमध्ये सारखेच जेट असताना पुढची जोडी पांढरी आणि मागची काळी दिसत असेल, तर पुढच्या जोडीला कार्बोरेटरला वळसा घालून जादा हवा मिळते आहे. थ्रॉटल मिटलेला असताना मॅनिफोल्डमधला व्हॅक्युम सर्वांत जास्त असतो, त्यामुळे बारीकशी फटही आयडलला खूप हवा ओढते. थ्रॉटल पूर्ण उघडला की व्हॅक्युम जवळजवळ नाहीसा होतो आणि तीच फट जाणवेनाशी होते. म्हणून तुमची गाडी पूर्ण पायावर चांगली आणि हलक्या पायावर वाईट चालते. मोठे आयडल जेट घालून तुम्ही पुढच्या जोडीची उणीव मागच्या जोडीला जादा पेट्रोल पाजून झाकली, एवढेच झाले.

आता फट कुठे आहे ते पाहू. या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, एका ओळीत आहेत आणि दोन्ही मॅनिफोल्ड एकाच गॅस्केटवर बसतात. दोन तोंडांच्या मधोमध येणाऱ्या स्टडवर एक मोठा जाड वॉशर असतो. त्याचा एक काठ इनटेकच्या फ्लँजवर आणि दुसरा एक्झॉस्टच्या फ्लँजवर टेकतो, आणि एकच नट दोघांना आवळतो. मूळच्या दोन्ही मॅनिफोल्डच्या फ्लँजची जाडी सारखी असल्यामुळे हे बिनबोभाट चालते. बाहेरचा मॅनिफोल्ड आला की ही जाडी जुळेलच याची खात्री नसते. इनटेकचा फ्लँज अर्धा मिलिमीटर जरी पातळ असला, तरी वॉशर तिरपा होऊन सगळा दाब एक्झॉस्टवर देतो. नट घट्ट लागतो, फिटरचे समाधान होते आणि इनटेक गॅस्केटवर नुसता टेकून राहतो. असे काम मी गॅरेजमध्ये अनेकदा पाहिले आहे आणि दर वेळी मालकाच्या हातात जेटची पुडी असते.

खात्री करायची असेल, तर आयडलवर चालू असलेल्या इंजिनाच्या पुढच्या जोडावर बारीक धारेने पाणी सोडा. लोक यासाठी कार्ब क्लीनर फवारतात, परंतु बरोबर खाली तापलेले बीड आहे, तेव्हा मला पाणीच बरे वाटते. इंजिनाचा सूर बदलला तर जागा सापडली. त्यानंतर मॅनिफोल्ड उतरवा आणि प्रत्येक स्टडपाशी दोन्ही फ्लँजची जाडी व्हर्नियरने मोजून कागदावर लिहा. सरळ पट्टी आणि फीलर गेज घेऊन दोन्ही मॅनिफोल्डचे तोंडही तपासा, कारण इतक्या वर्षांनी बिडाचा एक्झॉस्ट बाक धरतो आणि बाक असेल तर त्याला आधी फेसिंग करावे (तोंड सपाट करून घ्यावे) लागते. जाडीतला फरक काढण्यासाठी मी मॅनिफोल्ड घासत नाही; टर्नरकडून वॉशरच्या अर्ध्या भागाला फरकाइतकी पायरी काढून घेतो. ती पायरी उलटी बसली तर दुखणे दुप्पट होते, म्हणून वॉशरवर खूण करून ठेवा.

गॅस्केट नवे घ्या आणि त्याला सिलिकॉन फासू नका, पेट्रोलने ते फुगते आणि सुटते. नट मधून बाहेर या क्रमाने, १५ फूट-पौंडांपर्यंतच आवळावेत, आणि गाडी एकदा तापवून पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा तपासावेत. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत पोलादी स्टड आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये पांढरा थर धरतो आणि पुढच्या खेपेला मॅनिफोल्ड निघता निघत नाही, तेव्हा स्टडला अँटी-सीझ (जाम होऊ न देणारे ग्रीस) लावल्याशिवाय काहीही जोडू नका.

कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड यांमधली रबरी रिंगची प्लेटही या वेळी बघून घ्या. तिथले नट दाबून आवळायचे नसतात. दुहेरी वेटोळ्याच्या स्प्रिंग वॉशरमध्ये थोडी फट राहिली पाहिजे आणि हाताने धरून हलवला तर कार्बोरेटर किंचित डुलला पाहिजे. तो ताठ बसवला तर इंजिनाच्या थरथरीने फ्लोट चेंबरमधल्या पेट्रोलला फेस येतो.

उत्तर: देवगडकर

फिटरकाकांचे निदान मला पटते. तरीही एक गोष्ट नोंदवतो. मूळ कॅमशाफ्ट आणि मूळ हेड असताना या इंजिनावर एका वेबरने मिळणारा फायदा थोडाच असतो. दोन सिलिंडरना एकच इनटेक तोंड असलेल्या इंजिनाला एसयू चांगले मानवतात, कारण त्यांचा पिस्टन हवेच्या मागणीप्रमाणे आपोआप वर-खाली होतो आणि सुई त्या मापाने पेट्रोल सोडते. स्पिंडलचे बुश बदलण्याचा खर्च तुमच्या आजवरच्या खर्चापेक्षा नक्कीच कमी झाला असता. जुने कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड विकू नका, इतकेच सुचवतो.

व्हॅक्युम ॲडव्हान्स बंद करणे मात्र मला अजिबात मान्य नाही. शर्यतीच्या गाडीत तो नसला तरी चालतो, कारण तिथे पाय सहसा पूर्ण दाबलेला असतो. रस्त्यावर हलक्या पायाने जाताना सिलिंडरमध्ये मिश्रण थोडे आणि विरळ असते, ते सावकाश जळते आणि त्याला ठिणगी लवकर मिळावी लागते. ती न मिळाल्यास गाडी मंद वाटते, जास्त तापते आणि पेट्रोल जास्त पिते. मग लोक त्याचाही दोष जेटला देतात. मॅनिफोल्ड उतरवणारच आहात, तर दोन्ही नळ्यांना एकेक टॅपिंग (बारीक नळी जोडायची जागा) काढून घ्या आणि त्या बारीक छिद्राच्या जोडाने एकत्र करून डिस्ट्रिब्युटरला द्या. एकाच नळीवरून घेतल्यास धक्के फार बसतात. पूर्वी तुमच्या गाडीत हा व्हॅक्युम कार्बोरेटरवरून, थ्रॉटल थोडा उघडल्यावर मिळत होता. आता तो आयडललाही मिळेल, म्हणून टायमिंग नळी काढून तपासा आणि आयडल नळी लावून ठरवा.

क्रँककेसची नळी मोकळी सोडल्याने इंजिन लगेच बिघडणार नाही, पण थंड होताना ते त्याच नळीतून बाहेरची दमट हवा आत घेते. लहान कॅच टँक (वाफांतले तेल साठवणारी टाकी) आणि फिल्टर बसवा.

भाट्येकर

दोघांचेही आभार. मॅनिफोल्ड उतरवून मोजला. इनटेकचा फ्लँज एक्झॉस्टपेक्षा सर्वत्र पातळ निघाला आणि पुढच्या तोंडापाशी फरक जवळपास ०.८ मिमी आहे. जुन्या गॅस्केटवर तिथे दाबाची खूणसुद्धा उमटलेली नव्हती. मिरजोळे एमआयडीसीतील एका टर्नरकडून वॉशरना पायरी काढून घेतली, एक्झॉस्टला फेसिंग केले, दोन्ही नळ्यांना टॅपिंग काढले आणि आयडल जेट पुन्हा ५० एफ८ घातले. आता आयडल ८५०वर स्थिर आहे आणि चारही प्लग एका रंगाचे दिसतात.

एक तक्रार उरली आहे. साधारण २००० ते २५०० आरपीएमला, सपाट रस्त्यावर, गाडी अजून किंचित अडखळते. मित्राचा वाइडबँड मीटर (एक्झॉस्टवरून हवा-पेट्रोलचे प्रमाण दाखवणारा) लावला, तो त्या वेळी १५.८ दाखवतो आणि पूर्ण थ्रॉटलला १३.७. पंपावर मिळणारे पेट्रोल २० टक्के इथेनॉलचे असल्यामुळे मीटरवर १४.७ऐवजी १३.५ आणायचे, असे कुणी सांगितले. हे बरोबर आहे का?

उत्तर: घाटमाथ्यावरचा, कोल्हापूर

हे बरोबर नाही. शुद्ध पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनाला वजनाने १४.७ पट हवा लागते आणि २० टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला सुमारे १३.५ पट, हे खरे आहे. पण तुमचा सेन्सर हवा-पेट्रोलचे वजन मोजत नाही. जळल्यानंतर ऑक्सिजन उरला की कमी पडला, एवढेच त्याला कळते. ते नेमके जुळले की तो टाकीत काय आहे याचा विचार न करता पडद्यावर १४.७ लिहितो, कारण कारखान्यात त्याला पेट्रोलचा आकडा शिकवलेला असतो. म्हणून या पेट्रोलवरही हलक्या पायाला १४.७च्या आसपास आणि पूर्ण थ्रॉटलला १२.८च्या आसपास आणा. मीटरवर १३.५ आणलेत तर मिश्रण विनाकारण घट्ट होईल.

तुमचे १५.८ म्हणजे मिश्रण साडेसात टक्के विरळ आहे, आणि पूर्ण थ्रॉटलचा फरकही तितकाच भरतो. इथेनॉलने जेवढा फरक पडायला हवा, साधारण तेवढाच हा आहे. जुन्या पुस्तकांतले जेटचे आकडे इथेनॉल नसलेल्या पेट्रोलसाठीचे आहेत. वेबरच्या जेटवरचा आकडा छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात सांगतो. १४५चा मेन जेट काढून १५०चा घातला, तर छिद्राचे क्षेत्रफळ सात टक्के वाढते, आणि तुम्हाला हवे आहे तेही इतकेच. पूर्ण थ्रॉटलचा प्रश्न तेवढ्यावर सुटावा.

२५००च्या अलीकडचे अडखळणे मात्र मेन जेटने जाणार नाही, कारण तिथपर्यंत या कार्बोरेटरमध्ये बहुतांश पेट्रोल आयडल जेटमधूनच येते. ५० वरून ५५ वर गेल्यास क्षेत्रफळ एकदम २१ टक्के वाढते, ही उडी फार मोठी आहे. तुमचे मागचे प्लग काळे का पडले, याचेही कारण हेच. आकडा ५०च ठेवा आणि एफ८ऐवजी एफ९ घ्या. एफचा आकडा त्या जेटच्या हवेच्या छिद्राविषयी असतो. एफ९मध्ये हवा कमी मिसळते आणि मिश्रण थोडेसेच घट्ट होते. जेट बदलल्यावर मिक्श्चर स्क्रू नव्याने लावा: आधी दोन्ही बॅरलची हवा सिंक्रोमीटरने (हवेचा ओघ मोजणाऱ्या यंत्राने) तपासा, मग एकेक स्क्रू हळूहळू आत घेत इंजिन अडखळायला लागेपर्यंत जा आणि तिथून सूर भरेपर्यंत परत या. स्पीड स्क्रू थ्रॉटलला टेकल्यापासून अर्ध्या फेऱ्याहून जास्त आत गेला असेल, तर थ्रॉटलची पाती प्रोग्रेशनच्या (आयडलवरून मेन जेटकडे जाताना पेट्रोल देणाऱ्या) छिद्रांवर आधीच चढलेली असते आणि अडखळणे कोणत्याही जेटने जात नाही.

मीटर लावून जेट ठरवण्याचे काम रत्नागिरीतच करा. आमच्याकडे, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटरवर, हवेची घनता जवळपास पाच टक्के कमी असते आणि कार्बोरेटरचे मिश्रण त्यामुळे अडीच टक्क्यांच्या आसपास घट्ट होते. इथल्या डायनोवर अचूक बसवलेली गाडी आंबा घाट उतरून तुमच्याकडे आली की तितकीच विरळ चालते. उलट बाजूने फारसे नुकसान नाही. खाली बसवलेली गाडी वर आल्यावर थोडी घट्ट चालेल, एवढेच.

शेवटी पेट्रोलच्या नळ्या. जुन्या रबराला इथेनॉल मऊ करते, आणि तुमचा कार्बोरेटर आता थेट एक्झॉस्टच्या डोक्यावर आहे. एसएई जे३० आर९ असा शिक्का असलेल्या नळ्या टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत घाला आणि मधे उष्णतारोधक पत्रा नसेल तर तो मेन जेटच्या आधी बसवा. पंपाचा दाबही एकदा गेजने पाहा. वेबरच्या नीडल व्हॉल्व्हला तीन पीएसआय पुरे होतात, आणि मूळचा एसयू पंप शाबूत असेल तर रेग्युलेटर लागत नाही.