पीनट बटरचं तेल ओतून टाकलं, आता काय करू?

मी: (फोटो) कुणी जागं आहे का? ही बाटली बघा. काल नवी उघडली, तर वर बोटभर तेल तरंगत होतं. मला वाटलं माल खराब निघाला, म्हणून ते सगळं तेल ओतून टाकलं. आता खालचं पीनट बटर इतकं घट्ट झालंय की चमचा रोवला तर उभा राहतो. ब्रेडवर लावायला गेलो की ब्रेडच फाटतो. टाकून देऊ का?

मावशी: टाकू नकोस! थांब, हात पुसते आणि लिहिते.

दादा: मी वर्षभर पीनट बटर खातोय, तेल वर आलेलं एकदाही पाहिलं नाही. खराबच असणार.

मामा: खराब नाही रे. दादा, तुझ्या बाटलीचं लेबल वाच. शेंगदाणे, साखर, मीठ आणि हायड्रोजनेटेड वनस्पती तेल असं असेल. ते तेल साध्या तापमानालाही घट्ट राहतं आणि शेंगदाण्याच्या तेलाला जागच्या जागी धरून ठेवतं, म्हणून वर काही येत नाही. १९२० च्या दशकात अमेरिकेत जोसेफ रोझफील्ड यांनी ही पद्धत आणली. त्याआधी दुकानातल्या पिंपातही तेल वर यायचं आणि लाकडी वल्ह्याने ढवळत बसावं लागायचं.

मी: माझ्या बाटलीवर फक्त शेंगदाणे आणि मीठ लिहिलंय.

मावशी: मग तू ओतलंस ते शेंगदाण्याचंच तेल. शेंगदाण्यात वजनाच्या जवळजवळ निम्मं तेल असतं. दळलं की ते सुटं होतं आणि बाटली उभी राहिली की हळूहळू वर येतं, जड भाग खाली बसतो. त्यात वाईट काहीच नाही. आता असं कर. बाटली कोमट पाण्याच्या भांड्यात दहा मिनिटं ठेव, झाकण घट्ट लावून, आत पाण्याचा थेंब जाता कामा नये. मग सगळं पीनट बटर रुंद भांड्यात काढ आणि वास नसलेलं कुठलंही तेल एकेक चमचा घालत मळल्यासारखं मिसळ. शेंगदाण्याचंच तेल मिळालं तर सोन्याहून पिवळं. एका वेळी जास्त घालू नकोस. चमच्यावरून सावकाश ओघळायला लागलं की थांब.

मी: मघाशी वाटीभर बाजूला काढून त्यात दोन चमचे पाणी घातलं होतं. सैल व्हायचं सोडून ते आणखीच आवळलं. चिकणमातीसारखं झालंय.

मावशी: तेही टाकू नकोस. त्याचं सॉस होणार आहे.

ताई: अरे, हे प्रत्येकाचं होतं. थोडं पाणी घातलं की शेंगदाण्याचे कोरडे कण ते पिऊन घेतात आणि एकमेकांना चिकटतात. तिथे घाबरून थांबायचं नाही. आणखी पाणी घालत राहायचं, गरम, चमचा चमचा. एका क्षणी ते अचानक सुटतं, रंग फिका पडतो आणि सायीसारखं मऊ होतं.

मावशी: अगदी बरोबर. नूडल्स आहेत का घरात? तीन मोठे चमचे पीनट बटर, एक मोठा चमचा सोया सॉस, दोन लहान चमचे व्हिनेगर किंवा लिंबाचा रस, एक लहान चमचा साखर, लसणाची एक पाकळी किसून आणि झेपेल तितकं तिखट तेल. नूडल्स उकडलेलं पाणी फेकू नकोस, त्याच पाण्याने सॉस सैल कर. त्या पाण्यात पीठ उतरलेलं असतं, म्हणून सॉस नूडल्सला धरून राहतो. आंबट घालायला विसरू नकोस. पीनट बटर जड असतं, आंबटाशिवाय चार घासांत पुरे वाटतं.

मी: करून बघतो.

वहिनी: मला एक विचारायचं होतं. बाळ आता सात महिन्यांचं झालंय. पीनट बटर द्यावं का? पूर्वी सगळे सांगायचे की तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा नको.

मामा: तो सल्ला आता उलटा झालाय. लंडनमध्ये लीप नावाचा अभ्यास झाला, २०१५ साली प्रसिद्ध झाला. ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळं घेतली होती, सगळी अशी की ज्यांना तीव्र एक्झिमा (त्वचेवर खाजरे चट्टे) किंवा अंड्याची ॲलर्जी होती, म्हणजे धोका जास्त. निम्म्यांना नियमित शेंगदाण्याचे पदार्थ दिले, निम्म्यांना पूर्ण वर्ज्य ठेवले. पाच वर्षांची झाल्यावर पाहिलं तर खाणाऱ्या मुलांत शेंगदाण्याची ॲलर्जी साधारण ८० टक्क्यांनी कमी होती.

मावशी: पण अगं, आधी डॉक्टरांना विचार. बाळाला एक्झिमा असेल किंवा अंड्याने काही झालं असेल तर विचारल्याशिवाय घरी सुरुवात करूच नकोस. आणि गोळा कधीच द्यायचा नाही, चमच्यावरून चाटायलाही नाही. घट्ट पीनट बटर घशात चिकटून बसतं. अगदी थोडं घेऊन कोमट पाण्यात किंवा बाळ पितं त्या दुधात पातळ कालवायचं, कुस्करलेल्या केळ्यात मिसळायचं. पहिल्यांदा देशील तेव्हा दिवसा दे, नंतर दोन तास तुझं लक्ष असेल अशा वेळी.

वहिनी: बरं मावशी. सोमवारी डॉक्टरांकडे जायचंच आहे, तेव्हा विचारते. तुम्ही हे लिहिलंत ते बरं झालं, मी चमच्यावरूनच देणार होते.

दादा: सगळे इतके पुढे गेलात, मी अजून ब्रेडवरच आहे. माझं आवडतं सांगतो. ब्रेड आधी कडक भाजायचा, गरम असतानाच पीनट बटर लावायचं. ते कडेने वितळतं आणि मध्ये घट्ट राहतं. वर केळ्याच्या चकत्या आणि चिमूटभर जाडं मीठ. मीठ वगळू नका.

ताई: डब्यात न्यायचं असेल तर दोन्ही ब्रेडना पीनट बटर लाव आणि जॅम मध्ये घाल. एकाच ब्रेडला लावलंस तर दुसऱ्या बाजूने जॅमचं पाणी मुरतं आणि दुपारपर्यंत ब्रेड ओला होतो. दोन्हीकडे तेलाचा थर असला की कोरडा राहतो.

दादा: हे कधी सुचलं नव्हतं. उद्यापासून असंच.

(दुसऱ्या दिवशी)

मी: (फोटो) नूडल्स झाल्या. काल रात्री चिकणमाती झालेली ती वाटी घेतली आणि नूडल्सचं गरम पाणी चमच्याने घालत गेलो. तिसऱ्या चमच्यापर्यंत गोळा भांड्याच्या कडेला धरून बसला होता, वाटलं गेलं. पाचव्याला तो फाटला, दाणेदार दिसायला लागला, आणि सहाव्या चमच्याला एकदम गुळगुळीत झाला, दुधाच्या कॉफीसारख्या रंगाचा. मग सोया सॉस, व्हिनेगर, लसूण. इतकं चांगलं होईल असं वाटलं नव्हतं. उरलेल्या बाटलीत तीन चमचे तेल गेलं, तीही आता नीट पसरते.

मावशी: शाब्बास! आता ढवळलेली बाटली फ्रिजमध्ये ठेव. थंडाव्यात तेल सुटायला फार वेळ लागतो आणि खवटही लवकर होत नाही.

मामा: पीनट बटर कुणी शोधलं यावर काल आमच्याकडे वाद झाला. अमेरिकन कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचं नाव सगळे घेतात. ते बरोबर नाही. १८८४ मध्ये मॉन्ट्रियलच्या मार्सेलस एडसन यांनी भाजलेले शेंगदाणे तापलेल्या पृष्ठभागांमध्ये दळून लगदा करण्याचं अमेरिकन पेटंट घेतलं. मग १८९५ मध्ये जॉन हार्वी केलॉग यांनी आपल्या आरोग्यधामासाठी वेगळ्या पद्धतीने केलं, ते दाणे भाजण्याऐवजी उकडून घ्यायचे. कार्व्हर यांचं काम वेगळंच, आणि माझ्या मते मोठं. कापसाने जमीन थकलेल्या शेतकऱ्यांना त्यांनी भुईमूग लावायला सांगितला, आणि पिकवलेलं खपावं म्हणून १९१६ मध्ये शेंगदाण्याच्या १०५ पाककृतींची पुस्तिका काढली.

ताई: मामा, तू हे नेहमी सांगतोस आणि मी नेहमी विसरते. आता स्टार करून ठेवते.

मावशी: मला पीनट बटर खरं आवडतं ते शिजवून. माफे करून पाहा. पश्चिम आफ्रिकेतला पदार्थ आहे, सेनेगल, माली या भागातला. कांदा लालसर परतायचा, त्यात लसूण-आलं आणि दोन चमचे टोमॅटो पेस्ट. पेस्ट विटकरी होऊन तळाला धरायला लागेपर्यंत परतायची, कच्ची राहिली तर सगळं आंबट लागतं. मग चिरलेले टोमॅटो, चिकन किंवा नुसत्या भाज्या. रताळं, गाजर, कोबीचे मोठे तुकडे मला आवडतात. तीन वाट्या पाणी आणि एक अख्खी मिरची. उकळी आली की त्यातलंच पळीभर पाणी वेगळ्या भांड्यात घ्यायचं, पाऊण वाटी पीनट बटर त्यात सैल करायचं आणि मग पातेल्यात ओतायचं. गोळा थेट टाकलास तर तळाशी बसून करपतो. मंद आचेवर अर्धा-पाऊण तास, अधूनमधून तळापासून हलवत. शेवटी वर लालसर तेलाचा तवंग सुटतो, तो आला की झालं. गरम भातावर घ्यायचं. तू ज्या तेलाला घाबरलास ना, इथे तेच सुटण्याची वाट बघत बसायचं असतं.

मी: हे रविवारी नक्की. साखर असलेलं पीनट बटर चालेल?

मावशी: नको. माफेला आणि नूडल्सना बिनसाखरेचंच घे. गोड असलं की चव लगेच बिघडते. गोडाची बाटली दादाला देऊन टाक.

दादा: आभारी आहे!

ताई: गोडाच्या बाटलीचे कुकीज कर. एक वाटी पीनट बटर, पाऊण वाटी साखर, एक अंडं. मैदा नाही, लोणी नाही. सुपारीएवढ्या गोळ्या करून काट्याने उभं-आडवं दाबायचं, १८० अंशांवर दहा-बारा मिनिटं. बाहेर काढल्यावर मऊच असतात, हात लावायचा नाही. ट्रेमध्येच गार होऊ द्यायच्या, नाहीतर चुरा होतो. आणि याला तेल न सुटणारं, दादा खातो तसलंच पीनट बटर बरं. सुटं तेल असलं तर कुकीज पसरतात.

वहिनी: घरी करायचं असेल तर? मी एकदा केलं होतं, नुसता कूटच झाला. मिक्सर तापला म्हणून सोडून दिलं.

मावशी: तू अगदी दारापाशी येऊन परत गेलीस! कूट ही पहिली पायरी. दाणे आधी निवडून घ्यायचे. सुरकुतलेले, काळपट, बुरशी आलेले दिसतील ते फेकायचे, तिथे काटकसर नको. बुरशीने अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं आणि ते भाजून पूर्ण जात नाही. मग मंद आचेवर खरपूस भाजून, सालं काढून, कोमट असतानाच मिक्सरला लावायचे. आधी कूट होतो, मग तो भांड्याच्या कडांना चिकटतो. कडा खरवडायच्या, मिक्सरला दोन मिनिटं विश्रांती द्यायची, पुन्हा फिरवायचं. मग त्याचा एक गोळा होतो. इथे सगळे पाणी घालतात आणि सगळं वाया जातं. पाणी नाही, मधही नाही, मधातही पाणी असतं. धीर धर. आणखी दोन-तीन वेळा फिरवलंस की गोळा चमकायला लागतो आणि आपोआप वाहता होतो. मीठ शेवटी. काही दाणे जाडसर कुटून मिसळायचे, माझ्या मते त्याशिवाय मजा नाही.

मामा: पाणी नाही यावरून आठवलं, अक्का. कुपोषित मुलांना देतात ते प्लम्पीनट. १९९६ मध्ये फ्रान्समध्ये आंद्रे ब्रियँ आणि मिशेल लेस्कान यांनी केलं. शेंगदाण्याचा लगदा, दूध पावडर, साखर, तेल, जीवनसत्त्वं. एका ९२ ग्रॅमच्या पाकिटात ५०० कॅलरी. पाणी मिसळावं लागत नाही आणि आतही पाणी जवळजवळ नसतं, म्हणून जंतू वाढत नाहीत, फ्रिज लागत नाही, आई पाकीट फाडून मुलाला घरीच देऊ शकते. त्याआधी अशा मुलांना दुधाची पावडर स्वच्छ पाण्यात कालवून द्यावी लागायची आणि त्यासाठी आठवडेच्या आठवडे दवाखान्यात ठेवावं लागायचं.

वहिनी: हे मला माहीतच नव्हतं. वाचून अंगावर काटा आला.

ताई: अजून एक, ज्यांच्याकडे कुत्रा आहे त्यांच्यासाठी. त्याला गोळी द्यायला पीनट बटर उत्तम, पण लेबलवर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) नाही ना ते आधी बघा. काही बिनसाखरेच्या बाटल्यांत असतं आणि कुत्र्यांना ते विषारी असतं.

(आठवड्याने)

मी: (फोटो) माफे दोनदा झालं. दुसऱ्यांदा तवंग दिसेपर्यंत थांबलो, पहिल्यांदा घाई केली होती. चवीतला फरक लगेच कळला. आता बाटलीच्या कडांना पातळ थर तेवढा उरलाय, चमचा पोचत नाही.

ताई: धुऊ नकोस. सकाळी ओट्स शिजव, जरा निवू दे आणि कोमट ओट्स थेट बाटलीत ओत. झाकण लावून हलव, पाच मिनिटं ठेव. कडा स्वच्छ निघतात. वरून केळं. त्या बाटलीतूनच खायचं.

मावशी: आणि नवी बाटली आणलीस का?

मी: आणली. कपाटात उलटी ठेवलीय, झाकण खाली. झाकणापाशी आलेलं तेल आपणच तळाकडे चढेल ना?

मावशी: चढेल. उघडायच्या आधी एक दिवस पुरे. मग लांब सुरीने तळापासून ढवळ.