अनुभव धागा: गाडीत घाबरणारं कुत्रं आणि लांबचा प्रवास

दिवाळीत, उन्हाळ्यात गावाकडं निघायचं म्हटलं की घरातल्या कुत्र्याचं काय करायचं हा प्रश्न असतोच. बरोबर न्यावं तर गाडीचं दार उघडलं की ते मागं सरतं, लाळ गळते, धापा टाकत रस्ताभर रडतं. आमच्याकडं हिंगोलीत अशीच एक गावठी कुत्री आहे. तुम्हाला काय लागू पडलं ते सविस्तर लिहा. औषध दिलं असेल तर ते डॉक्टरांनी सांगितलेलं होतं का, हेही लिहा.

लातूरहून
आम्ही गाडी चालवायचंच थांबवलं. अंगणात गाडी उभी, चारी दारं उघडी, इंजिन बंद. पहिल्यांदा गाडीच्या बाजूला उकडलेल्या अंड्याचे तुकडे ठेवले, मग पायरीवर, मग सीटवर. मोती पुढचे दोन पाय आत टाकायचा, मान लांब करून तुकडा उचलायचा, पण मागचे पाय जमिनीला चिकटलेले. ओढायचं नाही असं घरात सगळ्यांना बजावलं होतं. एक दिवस मागचे पायही आपोआप आत आले. तो आत निवांत बसायला लागल्यावर दार लावलं, नंतर नुसतं इंजिन सुरू केलं, मग गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत. एखादी पायरी जड गेली की आदल्या पायरीवर यायचं. याला महिने लागले आणि लागू द्यावेत. घाई केली की केलेलं सगळं पाण्यात जातं. आता तो औशापर्यंत झोपून येतो.

परभणीहून
आमचं पिल्लू घाबरायचं नाही, त्याला गाडी लागायची. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे आम्हाला इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी समजावलं. पिल्लांच्या कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग पूर्ण तयार झालेला नसतो, म्हणून त्यांना उलटी लवकर होते. बरीच पिल्लं वर्षभरात यातून सुटतात. पण तोवर गाडी म्हणजे मळमळ असं डोक्यात बसलं, तर मळमळ गेली तरी भीती राहते. सारखी जीभ फिरवणं, जांभया देणं, लाळ गळणं दिसलं की गाडी थांबवा. निघण्याआधीचे तीन-चार तास जेवण देत नाही, पाणी देतो. लांब जायचं असलं तर डॉक्टरांनी वजन बघून मॅरोपिटंट हे उलटी थांबवणारं औषध दिलं होतं.

याच्याशीच जोडून सांगते, झोपेची गोळी मनानं देऊ नका. काही गोळ्यांनी अंग ढिलं पडतं, भीती आत तशीच असते आणि बिचाऱ्याला ती दाखवताही येत नाही.

बीडहून
मांजरसुंब्याचा घाट आला की आमचीचा जीव वरखाली व्हायचा. वळणावर तोल जातो, पायाखाली धरायला काही नाही, म्हणून ती जास्त घाबरते असं माझं ठाम मत झालंय. मागच्या सीटवर जाड गोधडी पसरली, तीही तिच्या रोजच्या अंथरुणातली, न धुतलेली. छातीवरून जाणारा हार्नेस घालून तो सीटबेल्टला अडकवला. गळपट्ट्याला अडकवू नये, ब्रेक लागला की मानेला हिसका बसतो. वळणं हळू घेतो. काच थोडी खाली, पण डोकं बाहेर काढू देत नाही. खडा, किडा डोळ्यात गेला की संपलं.

धाराशिवहून
माझी आई शेजारी बसून पाठीवर हात ठेवते, बस. जवळ घेतलं की भीती वाढते असं आम्हाला बऱ्याच जणांनी सांगितलं होतं. तसं काही होत नाही, दादा. भ्यालेल्याला धीर द्यावाच.

नांदेडहून
आमचा गाडीत बसला की दवाखान्यातच पोचायचा, सुई टोचायलाच. मग तो का चढेल? आम्ही गाडीतून त्याला गोदावरीच्या काठाला न्यायला लागलो, अगदी जवळ आहे तरी. तिथं मोकळं पळायचं, वास घेत हिंडायचं, परत यायचं. नंतर मावशीच्या शेतातल्या आखाड्यावर, तिथं त्याचा एक मित्र आहे. आता किल्लीचा आवाज आला की दाराशी असतो. दवाखान्याच्या रस्त्याला वळलं की अजून कुरकुरतो, तेवढं चालायचंच.

जालन्याहून
समृद्धीवरून जाणाऱ्यांसाठी. आमच्या कुत्र्याला शेजारून जाणाऱ्या ट्रकच्या आवाजाचा त्रास होतो, म्हणून त्याच्या बाजूच्या काचेला पडदा लावतो आणि वेग कमी ठेवतो. गाणी बंद.

आता उन्हाचं. आपल्याकडं मे महिन्यात पारा चाळिसाच्या वर असतो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकूनच अंग थंड करतं. घाबरलेलं कुत्रं आधीच धापा टाकत असतं, त्यात गाडी तापली तर जिवावर बेततं. बंद गाडी दहा मिनिटांत दहा अंशांनी तापू शकते, काच बोटभर उघडी ठेवून फारसा फरक पडत नाही. आम्ही पहाटेच निघतो. वाटेत थांबलो की दोघं जेवायला जातो, एक जण त्याला घेऊन सावलीत बसतो, मग पाळी बदलतो. उतरवण्याआधी गाडीतच साखळी लावतो, कारण भ्यालेलं कुत्रं दार उघडताच रस्त्यावर उडी घेतं. डांबरावर आधी आपला तळहात ठेवून बघतो. आपल्याला चटका सोसला नाही तर त्याला मातीवरूनच चालवतो.