एअर सस्पेन्शनचा टिपर ट्रेलर रिकामा करताना बलूनमधली हवा सोडावी का? मदत हवी आहे

नमस्कार. सातारा जिल्ह्यात आमचा खडी आणि मुरूम पुरवण्याचा छोटा व्यवसाय आहे. आजवर आमच्याकडे पाट्यांचेच (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगचे) टिपर होते. दोन महिन्यांपूर्वी तीन ॲक्सलचा एक जुना टिपर ट्रेलर घेतला, त्याला पाट्यांऐवजी बलून, म्हणजे चेसीचा भार पेलणाऱ्या हवेच्या रबरी पिशव्या, आहेत. आमच्या चालकाला अशा गाडीचा अनुभव नाही, आणि विकणाऱ्याने "हवेची गाडी आहे, मऊ चालते" यापलीकडे काही सांगितले नाही.

गेल्या आठवड्यात भरावाच्या जागेवर ओला मुरूम उतरवताना हौदा अर्ध्याहून वर गेला, मागचा माल सुटला, परंतु पुढच्या डाव्या कोपऱ्यातला चिकटून राहिला आणि ट्रेलर डावीकडे इतका झुकला की उजवी चाके जमिनीला जेमतेम टेकली होती. चालकाने हौदा हळूहळू खाली घेतला म्हणून निभावले. जागा डोळ्यांना सपाट वाटत होती. नंतर गवंड्याची लेव्हल लावली तेव्हा डावीकडे उतार निघाला.

हौदा उचलण्यापूर्वी बलूनमधली हवा सोडायची की ठेवायची, आणि सोडली तर पुन्हा कधी भरायची? शिवाय रोज सकाळी ट्रेलरची डावी बाजू थोडी बसलेली दिसते, त्याचा या प्रसंगाशी संबंध असेल का?

प्रतिसाद १

आपल्या चालकाने हौदा खाली घेतला हे उत्तम केले. चिकटलेला माल सोडवण्यासाठी हौदा वर असतानाच गाडीला पुढे-मागे झटके देणारे अनेक जण पाहिले आहेत, आणि गाड्या कलंडतात त्या बहुधा तेव्हाच.

आपल्या ट्रेलरच्या उत्पादकाची सूचना वेगळी नसेल तर हवा आधी सोडावी. हौदा उचलू लागताच वजन मागच्या ॲक्सलांवर येते, चेसी खाली दबल्याचे लेव्हलिंग व्हॉल्व्हला (चेसीची उंची कायम राखणाऱ्या झडपेला) जाणवते आणि तो बलूनमध्ये आणखी हवा भरतो. मग माल एकदम सुटला की त्या जादा हवेवर भार उरत नाही, चेसी उसळते, शॉक ॲब्सॉर्बरला हिसका बसतो आणि बलून ताणले जातात. हवा सोडलेली असेल तर चेसी आतल्या रबरी थांब्यांवर बसते आणि गाडी ताठ राहते. हौदा पूर्ण खाली बसल्यावरच हवा भरावी, आणि ती भरेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नये.

मात्र हवा सोडल्याने जमिनीचा उतार जात नाही. हौदा वर असताना भाराचा मध्य जमिनीपासून 4 मीटरवर असेल, तर 3 अंशांच्या कलाने तो सुमारे 21 सेंटीमीटर बाजूला सरकतो, आणि एका कोपऱ्यात चिकटलेला ओला मुरूम त्यात भर घालतो. म्हणून जागा लेव्हलने तपासणे, ट्रॅक्टर (ट्रेलर ओढणारी पुढची गाडी) आणि ट्रेलर एका रेषेत ठेवणे आणि कलंडल्यास हौदा जिथवर पोहोचेल त्या टप्प्यात कोणालाही उभे राहू न देणे, ही कामे हवेच्या व्हॉल्व्हपेक्षा महत्त्वाची समजावीत.

प्रतिसाद २

बसलेल्या बाजूविषयी. डाव्या-उजव्या बलूनच्या नळ्या एकमेकींना जोडलेल्या असत्या तर गळतीमुळे रात्रभरात दोन्ही बाजू सारख्याच बसल्या असत्या. एकच बाजू बसते म्हणजे एक तर दोन्हींची हवा वेगळी आहे, किंवा गाडी रोज उभी राहते ती जागाच कललेली आहे. एक रात्र गाडी उलट तोंड करून उभी करावी. तरीही डावीच बाजू बसली तर बलून आणि नळ्यांच्या सांध्यांना साबणाचा फेस लावून पाहावा.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. गाडी उलटी उभी केली, तरी डावीच बाजू बसली. मागच्या डाव्या बलूनच्या खालच्या घडीत फेसाचे बुडबुडे दिसले, ते बलून आज बदलले. आता एकच शंका उरली: हवा सोडताना ट्रेलर जागच्या जागी थोडा सरकतो. ब्रेक तर लावलेले असतात.

प्रतिसाद २

ॲक्सल ज्या दांड्यांवर धरलेला असतो त्या, चेसी खाली बसताना फिरतात, आणि ब्रेक लागलेले असले तर चाकेही त्यांच्याबरोबर किंचित फिरतात; ट्रेलर सरकतो तो त्यामुळे. भरावाच्या कडेला अगदी खेटून गाडी लावत असाल तर हवा कडेपासून दूर असतानाच सोडावी, आणि मग कडेकडे न सरकता तिथेच माल उतरवून तो जेसीबीने पुढे ढकलून घ्यावा.