इतिहासात पदवी घ्यायची आहे, पण नेमकी कोणती? (मदत हवी आहे)

खतावणी

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी कृपया हलवावा.

मी गेली अकरा वर्षं जमाखर्च बघतेय. शिक्षण वाणिज्य शाखेचं. शाळेत इतिहास म्हणजे सनावळ्या आणि तहाची कलमं, त्यामुळे त्या विषयाशी माझं कधी जमलंच नाही. मागच्या वर्षी ऑफिस दुसऱ्या जागी हलवायचं ठरलं आणि जुन्या कागदांतलं काय ठेवायचं, काय रद्दीत घालायचं ते बघायला मला बसवलं. त्यात हातानं लिहिलेली एक रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, निघाली. कापडी पुठ्ठा, कडा उंदरांनी कुरतडलेल्या. पहिली दोनेकशे पानं एकाच हातची: टपोरं अक्षर, प्रत्येक बेरजेखाली बारीक दुहेरी रेघ. मग एका महिन्याच्या सतरा तारखेला ते अक्षर थांबतं. अठरापासून दुसरंच, डावीकडे कललेलं. आणि त्याच महिन्यापासून 'किरकोळ खर्च' जवळजवळ दुप्पट होतो.

वही रद्दीत घालवेना. शनिवार-रविवार बसून दोन वर्षांचे किरकोळचे आकडे एका कागदावर उतरवले. नव्या कारकुनानं हात मारलेला दिसतोय, असं घरी जाहीरही केलं. नवरा म्हणाला, "तू इतिहासच का शिकत नाहीस? निदान मेलेल्या माणसांचं तरी ऑडिट होईल." तो गमतीत बोलला. मी मात्र तीन महिने विद्यापीठांची माहितीपत्रकं वाचतेय आणि आता पार गोंधळलेय.

नुसता 'इतिहास' आहे. 'प्राचीन इतिहास व पुरातत्त्व' आहे, 'मध्ययुगीन', 'आधुनिक' आहे. 'इतिहास आणि अर्थशास्त्र', 'इतिहास आणि राज्यशास्त्र' अशा जोड्या आहेत. आर्थिक इतिहासाची वेगळीच पदवी. शिवाय अभिलेखागार व्यवस्थापन, संग्रहालयशास्त्र आणि 'सार्वजनिक इतिहास' म्हणून काहीतरी, जे वाचून खाजगी इतिहासही असतो की काय असं वाटलं.

नोकरी लगेच सोडणार नाही. प्राध्यापक व्हायचं नाही. मला असल्या वह्या वाचता यायला हव्यात, इतकंच. यातलं कुठलं दार ठोठवायचं? जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

चष्मा_विसरलो

पदवीचा अट्टाहास कशाला? इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी गावोगाव फिरून दप्तरं धुंडाळली, मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड काढले. ग्रंथालयाचं सभासदत्व घ्या आणि सुरू करा.

पाटीपेन्सिल

राजवाड्यांचं उदाहरण सगळेच देतात हो, त्यांच्याइतकी पायपीट करायला कोणी निघत नाही!

खतावणीताई, एकोणीस वर्षं हाच विषय शिकवतोय, म्हणून जरा लांबण लावतो.

पदवीच्या नावावरून फारसं काही कळत नाही. साचा बहुतेक ठिकाणी सारखाच. सुरुवातीला लांबरुंद पेपर, एका सत्रात पाच-पाच शतकं. शेवटच्या वर्षी उलटं: एखाद्या विषयाचा छोटा तुकडा, त्याची मूळ साधनं आणि लघुप्रबंध. इंग्लंडात हे सहसा तीन वर्षांत उरकतात, स्कॉटलंडात चार. अमेरिकेतही चार, पण तिथे सोबत इतर शाखांचे विषय घ्यावेच लागतात. माहितीपत्रक हातात आलं की मी शेवटचं वर्ष आधी वाचतो. लघुप्रबंध सक्तीचा आहे का? मूळ कागदांवर आधारलेला एक तरी पेपर आहे का? इतिहासलेखनशास्त्र, म्हणजे इतिहास लिहिणाऱ्यांचाच इतिहास, शिकवतात का? तो पेपर विद्यार्थ्यांना रटाळ वाटतो, पण तो नसेल तर तुम्ही तीन वर्षं गोष्टी पाठ कराल आणि त्या कोणी, कशासाठी रचल्या हे विचारायला शिकणार नाही.

माझ्या वर्गात पहिल्याच तासाला मी एका पत्राची प्रत वाटतो. तारीख नाही, पाठवणाऱ्याचं नाव फाटलेलं. तास संपेपर्यंत पुस्तक उघडायचं नाही, फोन बघायचा नाही. पहिली दहा मिनिटं सगळे माझ्याकडे रागानं बघतात. मग कोणीतरी मायन्यावरून ओळखतं की लिहिणारा वयानं लहान असावा. कोणी म्हणतं, 'मागील पत्री लिहिलेच आहे' असं म्हटलंय, म्हणजे आधी एक पत्र होतं आणि ते आपल्याकडे नाही. हे ज्याला सुचतं, तो या विषयात टिकतो.

ही पद्धत मी काढलेली नाही. विद्यार्थ्यांना गोलात बसवून मूळ कागदांची उलटतपासणी करायला लावणं हे १९व्या शतकात बर्लिनमध्ये रांके या जर्मन इतिहासकारानं रुजवलं आणि तिथून ते जगभरच्या विद्यापीठांत गेलं. बनावट कागद भाषेवरून पकडण्याची कला त्याहून जुनी. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइननं पोपला पश्चिमेचं राज्य दिल्याचं एक दानपत्र शतकानुशतकं खरं मानलं जात होतं. १४४० मध्ये लोरेन्झो वाल्ला या इटालियन विद्वानानं दाखवलं की त्यातली लॅटिन चौथ्या शतकातली असूच शकत नाही. 'सत्रप' हा इराणी सुभेदारांसाठीचा शब्द त्या काळच्या रोमच्या कागदात आला कुठून, असा त्याचा एक सवाल होता.

आता एक प्रश्न तुम्हाला. किरकोळ खर्च वाढला म्हणून नव्या कारकुनानं हात मारला, हे वहीत कुठे लिहिलंय?

मधेच_सोडलं

पाटीपेन्सिल सरांना अनुमोदन. माझी फजिती सांगतो, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. 'इतिहास व संस्कृती' असं भारदस्त नाव बघून एका ठिकाणी प्रवेश घेतला (नाव लिहीत नाही). पत्रकात चौदा वैकल्पिक पेपर, त्यात विज्ञानाचा इतिहास, पर्यावरणाचा इतिहास, काय काय. प्रत्यक्षात तीनच चालू. बाकीचे शिकवणारं कोणी नाही, किंवा विद्यार्थी पुरेसे नाहीत. उरलेल्या तिघांतले दोन पर्यटन व्यवस्थापनाचे. वर्षभर वाट पाहिली आणि सोडलं.

तेव्हा प्रवेशाआधी एक पत्र टाका: मागच्या दोन वर्षांत कुठले वैकल्पिक पेपर खरोखर चालले? उत्तर टाळलं, तर तेच उत्तर समजा.

दप्तरबंद

मी अभिलेखागारात काम करतो, तेवढ्यापुरतं बोलतो.

अभिलेखागाराचा अभ्यासक्रम म्हणजे इतिहासाचा अभ्यासक्रम नव्हे. तो कागद सांभाळणाऱ्यांसाठी. कागदातलं आम्ल, हवेतला दमटपणा, सूची, वर्गीकरण, आणि आता संगणकीय नोंदी कशा टिकवायच्या. बहुतेक ठिकाणी तो पदवीनंतर करायचा असतो. संग्रहालयशास्त्राचंही साधारण तसंच. पुरातत्त्व तर तिसरीच दुनिया: तिथे माती बोलते, अक्षरं क्वचित. १९४९ च्या सुमारास लिबी या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानं अवशेषांतल्या कार्बन-१४ वरून त्यांचं वय काढून दाखवल्यापासून तिथे प्रयोगशाळेचा वावर वाढतच गेलाय. उन्हात बसून ब्रशनं माती झाडायची हौस नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

पण आमच्याकडची एक गोष्ट इतिहासवाल्यांनीही शिकावी. एका कार्यालयाचे कागद एकत्र ठेवायचे, दुसऱ्याच्या कागदांत मिसळायचे नाहीत, असा नियम फ्रान्समध्ये १८४१ मध्ये घालून दिला. पुढे त्यात भर पडली: ज्या क्रमानं सापडले तो क्रमही मोडायचा नाही. कारण कागदाचा अर्ध्याहून अधिक अर्थ त्याच्या शेजाऱ्यांत असतो.

ताई, ती वही कुठल्या फायलींच्या मधून काढलीत, ते टिपलंय का?

खतावणी

@पाटीपेन्सिल सर, कुठेच लिहिलेलं नाही. मीच ठरवलं. अकरा वर्षांच्या सवयीचा परिणाम.

@दप्तरबंद, नाही टिपलं. ओढून काढली आणि पिशवीत घातली. :( खोकं अजून गोदामात आहे, फेकलेलं नाही.

@मधेच_सोडलं, दोन ठिकाणी पत्र टाकलं. एकाकडून यादी आली. दुसऱ्यांनी पुन्हा तेच माहितीपत्रक पाठवलं.

आर्थिक इतिहासाबद्दल कोणी सांगेल का? तिथे माझं वाणिज्य कामी येईल असं वाटतं.

अर्धविराम

माझा प्रांत. येईल, पण एक मेख आहे.

आर्थिक इतिहास दोन घरांत राहतो. अर्थशास्त्र विभागात असेल तर संख्याशास्त्र आणि प्रतिमानं (गणिती मॉडेल्स) यांचा जोर. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे आणि तिथे त्यात चक्क बीएस्सी मिळते. रॉबर्ट फोगेल या अमेरिकन आर्थिक इतिहासकारानं 'अमेरिकेत रेल्वे आलीच नसती तर?' असा प्रश्न आकड्यांनी सोडवायचा घाट घातला. उत्तर आलं की फार काही अडलं नसतं. यावरून बरीच भांडणं झाली, आणि १९९३ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्याला आणि डग्लस नॉर्थला मिळालं. २०२३ मध्ये क्लॉडिया गोल्डिनला मिळालं, तेही बायकांच्या नोकरी आणि कमाईचा दोनशे वर्षांचा माग काढल्याबद्दल. हे सगळं भारी आहे, पण तिथे एकट्या वहीशी कोणी फार वेळ बोलत बसत नाही. हजार वह्यांचे आकडे काढून पुढे जातात.

इतिहास विभागातला आर्थिक इतिहास वेगळा. तिथे वही हाच नायक. इटलीतल्या प्रातो गावचा व्यापारी फ्रांचेस्को दातिनी १४१० मध्ये वारला, मागे सुमारे दीड लाख पत्रं आणि पाचशेच्या वर हिशेबाच्या वह्या ठेवून. पाचोली या इटालियन गणितज्ञानं दुहेरी नोंद पद्धत (प्रत्येक व्यवहार नावे आणि जमा असा दोनदा लिहायची) १४९४ मध्ये छापून मांडली, दातिनीचे कारकून ती त्याच्या शंभर वर्षं आधी वापरत होते. तुम्हाला त्या वह्या बघताना नावे-जमा कळेल, जे भल्याभल्या इतिहासकारांना शिकावं लागतं. तुमची अडचण इटालियनची असेल!

थट्टा नाही, भाषेचा विचार आत्ताच करा. डच ईस्ट इंडिया कंपनी १७९९ मध्ये संपली. तिची जवळपास अडीच कोटी पानं हेग, जकार्ता, कोलंबो, चेन्नई आणि केप टाउनमध्ये आहेत. वाचणारे मूठभर, कारण जुनी डच आणि ते अक्षर. मराठी कागदांचं म्हणाल तर मोडीचंही तेच. अभ्यासक्रमात भाषा किंवा लिपीचा पेपर असेल, तर दुसरा एखादा चकचकीत पेपर सोडा पण तो घ्या.

जोड-पदवीबद्दल थोडक्यात: दोन विषय म्हणजे प्रत्येकाचा निम्मा वेळ, आणि पहिली कात्री बहुधा लघुप्रबंधाला लागते.

पानाआड

सार्वजनिक इतिहासाचं राहिलंच की. संग्रहालयं, स्मारकं, माहितीपट, वारसा-फेऱ्या, म्हणजे विद्यापीठाबाहेरच्या लोकांसाठी इतिहास मांडणं. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात सांता बार्बरा इथे याचा पहिला अभ्यासक्रम निघाला. खाजगी इतिहास अजून तरी निघालेला नाही, निघाला तर मी पहिला प्रवेश घेईन.

अवांतर: ताईंच्या नवऱ्याचं वाक्य चोरतोय.

पाटीपेन्सिल

अर्धविराम यांनी भाषेचं लाख बोलले.

ताई, नोकरी सांभाळून करायचं तर दूरशिक्षण किंवा अर्धवेळ चालेल. फक्त ग्रंथालय आणि कागद घरबसल्या किती मिळतात ते विचारा, व्याख्यानं सगळीकडे मिळतात. माझं मत: इतिहास विभागातली साधी, बिनजोडीची पदवी, वैकल्पिक म्हणून आर्थिक इतिहास, आणि लघुप्रबंध सक्तीचा. अभिलेखागाराचं नंतर बघा.

आणि ते खोकं उघडा.

खतावणी

उघडलं. काल ऑफिस सुटल्यावर गोदामात दोन तास बसले. या वेळी काहीही हलवायच्या आधी फोटो काढले, दप्तरबंद यांच्या धाकानं.

रोजकीर्द जिथे होती त्या जागेला खाच राहिली होती, म्हणून शेजार सापडला. तिच्या डावीकडे एक पातळ टपालवही. तिकिटं, तारा, पार्सलं, सगळं रोजच्या रोज. टपोरं अक्षर, बेरजेखाली दुहेरी रेघ. पहिल्याच कारकुनाची. आणि ती वहीसुद्धा सतरा तारखेलाच थांबते. पुढची सगळी पानं कोरी.

नव्या माणसानं टपालाची वेगळी वही ठेवलीच नाही. तो खर्च किरकोळमध्ये घातला. मी जुन्या महिन्यांचं टपाल जुन्या किरकोळमध्ये मिळवून पाहिलं. थोड्याशा फरकानं नव्या आकड्यांशी जुळतं.

म्हणजे त्या बिचाऱ्यावर मी चार महिने चोरीचा आळ ठेवून होते.

पेपरांची यादी पाठवणाऱ्या विद्यापीठाचा अर्ज भरलाय, साधा इतिहास, अर्धवेळ. मोडीचा पेपर आहे आणि मागच्या दोन्ही वर्षी चालला होता. लघुप्रबंध सक्तीचा आहे.

पहिला कारकून सतराला का थांबला, ते मात्र दोन्ही वह्यांत नाही. खोक्यात अजून अकरा फायली आहेत. शनिवारी जातेय.