मदत हवी आहे: लॅपटॉपचं 'डी' बटण चिकटतंय, जोडाक्षरं तुटतायत

शाईपेन

नमस्कार मंडळी,

गेल्या रविवारी संध्याकाळी माझ्या लॅपटॉपवर चहा सांडला. दूध-साखरेचा, अर्धा कप तरी असेल. मी लगेच चार्जर काढला, पॉवरचं बटण दाबून धरून लॅपटॉप बंद केला आणि उघडं पुस्तक पालथं घालतात तसा पंख्याखाली ठेवला. दोन दिवस हात लावला नाही. मंगळवारी रात्री सुरू केला तर सुरू झाला. स्क्रीन, टचपॅड, वायफाय सगळं व्यवस्थित आहे. फक्त डाव्या बाजूची तीन बटणं बिघडली आहेत.

सगळ्यात वाईट अवस्था 'डी'ची. दाबलं की खाली जातं आणि तिथेच बसून राहतं. एक-दोन सेकंदांनी सावकाश वर येतं, चिखलातून पाय निघावा तसं. 'सी' जड झालंय. 'ई' चालतं, पण दर वेळी चिकट 'चट्' असा आवाज येतो.

मी इन्स्क्रिप्टवर, म्हणजे मराठी अक्षरांच्या कळांच्या ठरावीक मांडणीवर, टाइप करते. त्यात 'डी' म्हणजे अक्षराचा पाय मोडण्याची कळ, 'ई' म्हणजे काना आणि 'सी' म्हणजे म. त्यामुळे 'प्रकाश' लिहायला घेतलं की कधी 'परकाश' उमटतं, तर कधी 'प'च्या पुढे ठिपक्यांच्या गोलांची रांग लागते आणि प्रत्येक गोलाखाली एकेक मोडका पाय. इंग्रजी लिहिणाऱ्याचं एक अक्षर अडलं असतं. माझं प्रत्येक जोडाक्षर अडलंय.

काम कसलं चाललंय तेही सांगते, म्हणजे घाई का आहे ते कळेल. माझे बाबा रत्नागिरी जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक होते. ज्या ज्या गावी बदली झाली तिथल्या नोंदी त्यांनी वह्यांमध्ये लिहून ठेवल्या आहेत: विहिरी, पायवाटा, शेताच्या कुणग्यांची नावं, कुठल्या सड्यावरून पोरं शाळेत यायची ते. आता त्यांना बारीक अक्षर दिसत नाही. रोज संध्याकाळी मी वाचते, ते दुरुस्त्या सांगतात, मी टाइप करते. मार्गशीर्षात त्यांचं सहस्रचंद्रदर्शन आहे, तोवर पुस्तिका छापून हातात द्यायची आहे. २४० पानांपैकी ९४ झाली आहेत.

कप बाबांच्याच हातून निसटला. हाताला कंप आहे त्यांच्या. रविवारपासून ते वही घेऊन बसलेले नाहीत. 'आधी मशीन नीट होऊ दे' एवढंच म्हणतात.

सर्व्हिस सेंटरला फोन केला. कीबोर्ड सुटा बदलत नाही, अख्खं सी पॅनल, म्हणजे कीबोर्ड बसवलेलं वरचं कव्हर, बदलावं लागेल, ९,२०० रुपये आणि आठ-दहा दिवस, असं म्हणाले. लॅपटॉप पाच वर्षांचा, वॉरंटी कधीच संपली. इथल्या एका ओळखीच्या दुकानदाराने गंज सोडवायचा स्प्रे बटणाखाली मारायला सांगितला. मला धीर झाला नाही.

बटण घरी काढून साफ करता येतं का? कशाने पुसायचं? आणि हे सगळं करून आणखी बिघडवून तर ठेवणार नाही ना मी? कोणी स्वतः केलं असेल तर कृपया नीट सांगा.

सोल्डरगन

ताई, स्प्रे मारला नाहीत ते फार बरं केलंत. तो तेलकट असतो. आज बटण मोकळं झाल्यासारखं वाटतं आणि महिन्याभरात त्या तेलावर धूळ बसून परत घट्ट होतं.

उघडण्याआधी एक तपासणी करा. भाषा इंग्रजी करा, नोटपॅड उघडा आणि 'डी' एकदाच दाबून सोडा. बटण खाली अडकलेलं असेपर्यंतच 'डी' उमटत राहतात आणि ते वर आलं की थांबतात, असं होतंय का? की बटण पूर्ण वर आल्यावरही अक्षरं येतच राहतात, किंवा 'डी'बरोबर शेजारचं भलतंच अक्षर येतं? या दोन आजारांना दोन वेगळी औषधं आहेत.

बटणाच्या टोपीखाली प्लॅस्टिकची कात्री असते, दोन बारीक चौकटी एकमेकींत अडकवलेल्या. तिच्या मधोमध रबराची छोटी वाटी. वाटी दबते आणि पुन्हा उसळते, म्हणून बटण वर येतं. त्याच्याही खाली मेंब्रेन, म्हणजे प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्यांवर छापलेला सर्किटचा नकाशा. साखर कात्रीच्या सांध्यात सुकली असेल तर घरी साफ होतं. चहा मेंब्रेनच्या पापुद्र्यांमध्ये शिरला असेल तर वरून कितीही पुसा, उपयोग नाही, कीबोर्ड बदलावा लागतो.

शाईपेन

आत्ताच करून पाहिलं. बटण खाली असेपर्यंत डीडीडीडी येतं आणि वर आलं की लगेच थांबतं. 'सी' आणि 'ई'चंही पाहिलं. शेजारचं कुठलंच अक्षर येत नाही.

सोल्डरगन

मग दुखणं वरवरचं आहे. शांतपणे करा, होईल.

वह्यांची टाइप केलेली फाइल आज रात्रीच पेनड्राइव्हवर घ्या आणि स्वतःला ईमेलही करून ठेवा. चहा मदरबोर्डपर्यंत गेला असेल तर तो लगेच त्रास देईलच असं नाही, गंज धरायला वेळ लागतो. मागचं झाकण उघडणारं कोणी विश्वासातलं असेल तर बोर्डावर पांढरट किंवा हिरवट बुरा दिसतो का, तेवढं बघून घ्या. झाकण उघडलंच तर बॅटरीचा कनेक्टर आधी काढायचा.

दुपारचं_ऊन

मीही इन्स्क्रिप्टवालीच आहे. दुरुस्ती होईपर्यंत काम थांबवू नका. विंडोजच्या मराठी इन्स्क्रिप्टवर शिफ्ट धरून ३ दाबलं की रकार थेट लागतो, म्हणजे प आणि मग शिफ्ट-३ केलं की 'प्र' तयार. शिफ्ट-४ ला रफार, ५ ला 'ज्ञ', ६ ला 'त्र', ७ ला 'क्ष' आणि ८ ला 'श्र' आहे. 'डी'शिवायसुद्धा बरीच जोडाक्षरं निघतात. 'स्त', 'च्य', 'ल्ल' मात्र राहतातच, त्यांना इलाज नाही.

सगळ्यात सोपं म्हणजे साधा यूएसबी कीबोर्ड आणून लावा. लॅपटॉपवरचं अडकलेलं बटण आपोआप अक्षरं टाकत असेल तर पॉवरटॉइज नावाचं मायक्रोसॉफ्टचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यातल्या कीबोर्ड मॅनेजरमध्ये तेवढं एक बटण बंद करता येतं. पण ते केलं की बाहेरच्या कीबोर्डवरचं 'डी'ही बंद होईल, हे लक्षात ठेवा.

बाबांच्या वह्यांचं वाचून फार बरं वाटलं. कुणग्यांची नावं कोणीच लिहून ठेवत नाही हो.

बुधवार_पेठ

बहुतेक जण आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे आयपीए, सुचवतील. आयपीए बरोबरच आहे, पण चहाच्या बाबतीत एक गोष्ट राहून जाते. साखर शुद्ध अल्कोहोलमध्ये जवळपास विरघळतच नाही, ती पाण्यात विरघळते. ९९ टक्केवाल्या आयपीएने घासत बसलात तर दुधाची स्निग्धता निघेल आणि साखर तिथेच राहील. मी स्वतः यात एक अख्खी दुपार घालवली आहे.

म्हणून आधी डिस्टिल्ड वॉटर. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो तेच. इअरबड त्यात बुडवायचा, दोन बोटांत दाबून पिळायचा आणि नुसता ओलसर राहिला की पुसायचं. थेंब पडता कामा नये. साखर गेली की मग आयपीए, तो उरलेलं पाणी बरोबर घेऊन उडून जातो. ७० टक्केवाला आयपीए मिळाला तर त्यात पाणी असतंच, त्याने दोन्ही कामं बऱ्यापैकी होतात, फक्त सुकायला जास्त वेळ द्या.

मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानात मागताना 'आयपीए' असंच म्हणा. थिनर देतील तर घेऊ नका. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर प्लॅस्टिक खातात, बटणावरचं अक्षरही जातं. हँड सॅनिटायझर नको, त्यातल्या जेलचा चिकटा मागे राहतो. आणि हेअर ड्रायरची गरम हवा अजिबात नको, कात्रीच्या चौकटी वाकतात.

सगळं करूनही जमलं नाही तर पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला चौकशी करा. सर्व्हिस सेंटर पॅनलच बदलतं, कारण नव्या लॅपटॉपमध्ये कीबोर्ड पॅनलला प्लॅस्टिकच्या रिव्हेटांनी ठोकलेला असतो. हे कारागीर रिव्हेट कापून नुसता कीबोर्ड बसवून देतात.

शाईपेन

डिस्टिल्ड वॉटर घरातच आहे! आयपीए उद्या आणते. टोपी कशी काढायची तेवढं कोणी सांगाल का? ओढून बघायची भीती वाटतेय.

सोल्डरगन

ओढायची नाहीच. टोपीच्या खाली चार बारीक हुक असतात. साधारणपणे एका बाजूचे दोन 'टक' करून बसतात आणि समोरच्या बाजूचे दोन सरकून अडकतात. कुठल्या बाजूचे कसे, ते मॉडेलप्रमाणे बदलतं, म्हणून तुमच्या मॉडेलचा व्हिडिओ आधी बघा. मग जुन्या एटीएम कार्डाचा कोपरा टक बाजूने आत सारायचा आणि हलकेच उचलायचं. एक टक, मग दुसरा. ती बाजू सुटली की टोपी तिरकी करून सरकवून काढायची. स्क्रू ड्रायव्हर वापरू नका.

लॅपटॉप पूर्ण बंद आणि चार्जर काढलेला हवा. एका वेळी एकच बटण, आणि कात्री काढण्यापूर्वी तिचा फोटो. रबराची वाटी खाली चिकटवलेली असते, तिला उपटायचं नाही, भोवतीनं पुसायचं. एंटर, शिफ्ट, स्पेस यांच्याखाली स्टीलची तार असते, ती बटणं नीट चालत असतील तर त्यांच्या वाटेला जाऊच नका. काढलेले भाग पांढऱ्या ताटलीत ठेवा, फरशीवर पडले की सापडत नाहीत.

शाईपेन

शनिवारी दुपारी केलं. सविस्तर लिहिते, पुढे कोणाला तरी उपयोग होईल.

'डी'ची टोपी सहज निघाली. खाली पाहिलं तर कात्रीच्या डाव्या सांध्यात गुळाच्या पाकासारखा तपकिरी थेंब सुकलेला आणि त्यात चहाच्या पत्तीचा एक कण. रबराच्या वाटीभोवती चकचकीत कडं. आधी मुद्दाम नुसता आयपीए लावून पाहिला, कण सुटला पण कडं तसंच. मग ओलसर इअरबड दोन मिनिटं नुसता टेकवून धरला आणि फिरवला, तर सगळं कडं कापसावर आलं. सहा इअरबड लागले. टोपी आणि कात्री वाटीतल्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये दहा मिनिटं बुडवून ठेवल्या, पुसल्या आणि तासभर सुकवल्या. आयपीएचा हात शेवटी फिरवला.

बसवताना कात्री आधी, मग टोपी वर ठेवून अंगठ्याने चारही कोपरे दाबले. चार वेळा बारीक टक ऐकू आलं. दाबलं तर लगेच उसळलं वर!

'सी'च्या वेळी मात्र चूक झाली. मी चुकीच्या बाजूने उचललं आणि कात्रीचा एक कान तुटला. हातात तो पांढरा कण घेऊन बराच वेळ बसून राहिले. आता ही कात्री कुठे मिळेल?

बुधवार_पेठ

मॉडेल नंबरवर सुटी बटणं विकणारे ऑनलाइन आहेत, पण कात्रीचा आकार फोटोशी ताडून घ्या. एकाच मॉडेलमध्ये दोन तऱ्हेचे कीबोर्ड येतात. ते येईपर्यंत, तुम्हाला क्वचित लागणारं एखादं बटण असेल तर त्याची कात्री काढून 'सी'ला लावून बघा. अक्षरांची बटणं एकाच मापाची असली की बहुधा बसते.

शाईपेन

'झेड'ची कात्री 'सी'ला लावली, अगदी तशीच निघाली. मराठी टाइप करताना मला 'झेड' कधीच लागत नाही. 'झेड'ची टोपी डबीत ठेवली आहे, कात्री मागवली आहे. रात्रभर लॅपटॉप पालथा ठेवला आणि आज सकाळी सुरू केला. 'डी' पहिल्यासारखं, 'सी' पहिल्यासारखं.

एकूण खर्च आयपीएची बाटली आणि इअरबड.

बाबांना बोलावलं आणि 'प्रकाश', 'सत्त्व', 'राष्ट्र' लागोपाठ टाइप करून दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून स्क्रीनजवळ वाकून पाहिलं आणि आत जाऊन वही घेऊन आले. आता कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायचा असं त्यांनीच ठरवलंय. आज पान ९५ आणि ९६ झालं. त्यात एका विहिरीचं नाव मी आधी चुकीचं वाचलं होतं, तेही दुरुस्त झालं.

'ई'चा आवाज अजून थोडा येतो. टक कुठल्या बाजूला आहे ते आता कळलंय, पुढच्या रविवारी तेही उघडते.