जुनी स्प्लेंडर: काटा थरथरतो, वेगही जास्त दाखवतो

प्रश्न: २००५ ची स्प्लेंडर. ४० च्या पुढे काटा थरथरतो, जीपीएसवर ५० असताना मीटर ६० दाखवतो. केबल बदलू की मीटर?

उत्तर १: हे दोन बिघाड वेगळे धरा. थरथर बहुधा केबलची, म्हणजे पुढच्या चाकाची फिरकी मीटरपर्यंत नेणाऱ्या तारेची. मीटरखालचा नट सोडवून आतली तार ओढून काढा, टेबलावर लोळवा. उड्या मारत लोळली तर वाकलीय, नवीनच घाला. सरळ असेल तर रॉकेलने धुऊन हलकं ग्रीस लावा, पण मीटरकडचे १५ सेंटीमीटर कोरडेच ठेवा. ग्रीस तारेच्या पिळावरून वर चढतं, मीटरमधल्या फिरत्या चुंबकाभोवतीच्या, काटा फिरवणाऱ्या कपात शिरतं आणि काटा जास्तच ओढला जातो.

उत्तर २: आधी किलोमीटर जुळवा. हायवेच्या दगडांप्रमाणे १० झाले आणि मीटरमध्येही १० पडले, तर दोष काट्याच्या बारीक स्प्रिंगचा किंवा त्या ग्रीसचा. १२ पडले तर पुढच्या हबमधला (चाकाच्या मधल्या भागातला) केबल फिरवणारा गिअर किंवा मीटर दुसऱ्या मॉडेलचं आहे; एवढा फरक टायरने पडत नाही. काटा उपटून मागे बसवू नका हो, त्याने फक्त शून्य बिघडतं.

उत्तर ३: केबल मीटरला जोडण्याआधी पुढचं चाक हाताने फिरवा, तारेचं वरचं टोक फिरलंच पाहिजे. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून केबल ताणत नाही ना, तेही बघा.