कक्षा हे गायरान आहे, कुणाची जहागीर नाही

रात्रपाळी
काल इथे एक पोस्ट फिरत होती : ‘आकाश अमर्याद आहे, हजार काय लाख उपग्रह सोडा. घरी फायबर असलेल्यांनी अवकाशातल्या कचऱ्याची रड लावू नये.’ खाली टाळ्यांचा पाऊस. तेव्हापासून डोकं फिरलंय, म्हणून सविस्तर लिहितोय.

आकाश अमर्याद असेल, कामाच्या कक्षा मोजक्याच आहेत. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किमीवर, तिथून बोलणं पोचायलाच पाव सेकंद जातो. म्हणून इंटरनेटवाले सगळे खाली, ५०० ते १२०० किमीच्या पट्ट्यात दाटी करतात. तिथे प्रत्येक वस्तू सेकंदाला सात-साडेसात किमी पळते. १० फेब्रुवारी २००९ ला बंद पडलेला रशियाचा कॉसमॉस २२५१ आणि चालू इरिडियम ३३ सैबेरियाच्या वर आदळले. मागोवा घेता येतील असेच तुकडे दोन हजारांच्या आसपास झाले, बरेच अजून फिरताहेत. इरिडियम म्हणजे सॅटेलाइट फोनचाच उपग्रह, हे लक्षात घ्या.

आमच्या गावच्या गायरानाचं हेच झालं. आधी सगळ्यांची गुरं, मग ज्याची जास्त त्याचाच चारा, मग एक दिवस तारेचं कुंपण. उपग्रहांवरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकचे पहिले ६० उपग्रह मे २०१९ मध्ये गेले. आज चालू उपग्रहांपैकी निम्म्याहून जास्त त्या एका कंपनीचे आहेत. परवाना अमेरिकेचा, गर्दी सगळ्यांच्या डोक्यावर. सोडा म्हणणाऱ्यांनी उतरवायचं कोण, कुणाच्या पैशाने, हेही त्याच दमात सांगावं.

भामरागडची बाई
रात्रपाळी, तुमचं दोनदा वाचलं. आता माझं ऐका. पारलकोटाला पूर आला की रस्ता बंद, वीज बंद, आणि विजेमागोमाग टॉवर. अशाच एका पुरात आमच्या शाळेतल्या स्वयंपाकीण मावशींच्या सुनेला पहाटे कळा सुरू झाल्या. मी फोन घेऊन शाळेच्या पाण्याच्या टाकीवर चढले, कारण तिथे एखादी काडी रेंज येते. त्या दिवशी तीही नव्हती. पावसात तासभर फोन वर धरून उभी होते. बाळ सुईणीने सुखरूप आणलं, नाहीतर आज मी काय लिहिलं असतं?

राज्य सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये स्टारलिंकशी इरादापत्र केलं, त्यात गडचिरोलीचं नाव वाचून मला रडू आलं. तुम्ही गायरान म्हणता. आमचं एकही जनावर अजून त्या गायरानात गेलेलं नाही, आणि नियम करायची आठवण तुम्हाला आत्ताच झाली.

रात्रपाळी
ताई, तुमच्याकडे लागणाऱ्या उपग्रह इंटरनेटच्या डिशला माझा विरोध नाही. पोस्टमधल्या ‘लाख सोडा’ला आहे.

बंगळुरी मराठी
उपग्रह दळणवळणात वीस वर्षं काढली आहेत. धागाकर्त्याने चुकीच्या माणसाला धरलंय. ५५० किमीवर थोडी हवा असते; उपग्रह मेला तरी साधारण पाच वर्षांत खाली येऊन जळतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये सौरवादळाने हवा फुगली आणि नुकतेच सोडलेले जवळपास ४० स्टारलिंक पडून जळाले. खरी भीती १२०० किमीची, तिथे मेलेला उपग्रह शेकडो वर्षं हलत नाही. तिथे कोण आहे? वनवेब, दुसरी उपग्रह इंटरनेट कंपनी, ज्यात आपल्या एअरटेलवाल्या भारतीचा पैसा आहे आणि ज्याचे ७२ उपग्रह इस्रोने ऑक्टोबर २०२२ आणि मार्च २०२३ मध्ये दोन खेपांत नेले. तेव्हा आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

आणि कुणी काही करत नाही, हेही खरं नाही. काम संपलेला उपग्रह खाली उतरवायची २५ वर्षांची सवलत अमेरिकेने २०२२ मध्ये पाचवर आणली. इस्रोने मार्च २०२३ मध्ये मेघा-ट्रॉपिक्स हा हवामानाचा उपग्रह प्रशांत महासागरावर नियंत्रित पद्धतीने उतरवला. त्याची रचना मुळात तशी नव्हती, तरी उरलेल्या इंधनावर जमवलं. २०३० पर्यंत कचरामुक्त मोहिमा हे भारताने जाहीर केलेलं उद्दिष्ट आहे.

रात्रपाळी
१२०० किमीचं मान्य. माझ्या लिहिण्यात ते सुटलं, तुम्ही दाखवलंत. पण ‘जळतो’ म्हणजे नाहीसा होतो का? त्याचं ॲल्युमिनियम वरच्या हवेत राहतं, २०२३ मध्ये विमानाने घेतलेल्या नमुन्यांत ते सापडलंय. आणि रेडिओचं काय? त्याच वर्षी नेदरलँड्सच्या लोफार या आकाशातल्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या दुर्बिणीने ६८ स्टारलिंक तपासले. ४७ मधून ११० ते १८८ मेगाहर्ट्झमध्ये गळती निघाली. मुद्दाम पाठवलेला सिग्नल नाही, आतल्या इलेक्ट्रॉनिक्सचा आवाज. पुणे जिल्ह्यातल्या खोडदची जीएमआरटी, तशीच रेडिओ दुर्बीण, ४५ मीटरच्या ३० तबकड्या, याच पट्ट्यात कान लावून बसते.

टोमॅटो मार्केट
खोडदचं नाव काढलंत ना, मग ऐकाच. मी नारायणगावचा. लहानपणापासून ऐकतोय, इथे कारखाना नको, दुर्बिणीला त्रास होतो. नाशिक-पुणे रेल्वे आमच्याकडून जाणार होती. जमिनी मोजल्या, लोकांनी हिशेब मांडले. मग जीएमआरटीमुळे मार्ग बदलला. माझा भाऊ चाकणला कामाला, पावसाळ्यात घरी यायला रात्रीचे अकरा वाजतात. जेवणाचं ताट झाकून आई बसलेली असते.

संगमनेरी
+१. आमचंही तेच. तालुक्याचं एक पिढीचं नुकसान झालंय.

रात्रपाळी
रेल्वे थोडी सरकवता येते. जगात अशी दुर्बीण दुसरीकडे उचलून नेता येत नाही. खोडद निवडलं ते डोंगरांच्या आडोशामुळे, शांततेमुळे.

टोमॅटो मार्केट
‘थोडी सरकवता येते’? तुम्ही कुठे राहता, कोथरूडला? तिथली मेट्रो सरकवून बघा. शांतता आमच्याकडून घ्यायची आणि विकास दुसरीकडे न्यायचा. तीस वर्षं शांतता आम्ही सांभाळली, त्याचा मोबदला काय?

बंगळुरी मराठी
रेल्वेचा वेगळा धागा काढा, इथे मूळ मुद्दा...

टोमॅटो मार्केट
मूळ मुद्दा हाच आहे. आमच्या गाडीला कागद दाखवून नाही म्हणता आलं. वरून दिवसाला शेकडो वेळा जाणाऱ्याला नाही म्हणायला कोणत्या कचेरीत जायचं? रात्रपाळी, तुमच्या बाजूने बोलतोय, म्हणून खूश होऊ नका. नियम गरिबाला आधी लागतो, एवढंच म्हणतोय.

रात्रपाळी
हे माझ्याहून नेमकं मांडलंत. ‘थोडी सरकवता येते’ हे वाक्य मागे घेतो.

बंगळुरी मराठी
कचेरी आहे. अमेरिकेत रेडिओ वेधशाळेबरोबर स्टारलिंकने जुळवून घेतलंय, दुर्बिणीच्या रोखात आल्यावर बीम, म्हणजे सिग्नलचा झोत, बाजूला वळवतात. भारताच्या परवान्यात ही अट खोडदसाठी मागता येईल. गळती मात्र बीम वळवून थांबत नाही, तिथे रात्रपाळींचं बरोबर आहे. हे लिहायला मला बरं वाटत नाहीये.

पाडवा २०२२
तुम्ही सगळे वर बघताय. आमच्याकडे ते खाली आलंय. २ एप्रिल २०२२, गुढीपाडवा, संध्याकाळी आकाशातून जळते निखारे ओळीने गेले. नागपूरला आम्ही गच्चीवर होतो, कुणी उल्का म्हणालं, कुणी विमान. तासाभरात सिंदेवाहीहून काकांचा फोन, लाडबोरीत आकाशातून कडं पडलंय. तीनेक मीटर व्यासाचं धातूचं कडं, गावातल्या मोकळ्या जागेत. आजूबाजूला गोळेही सापडले. चिनी रॉकेटचा भाग असावा, असा अंदाज निघाला. पंधरा पावलांवर घर होतं, काका आजही ते अंतर चालून दाखवतात. १९७२ चा आंतरराष्ट्रीय करार आहे, वरून पडलेल्या वस्तूने नुकसान झालं तर ती सोडणारा देश जबाबदार. पण दावा देशाने देशावर करायचा. लाडबोरीच्या माणसाने कुणाचं दार वाजवायचं?

भामरागडची बाई
हे मला माहीत नव्हतं. सिंदेवाही तर आमच्या शेजारच्या जिल्ह्यात. रात्रपाळी, तुमचं थोडं पटलं. पण लिहून ठेवा, अटी घाला, पैसा बांधून घ्या, जे करायचं ते करा, माझ्या शाळेची डिश त्यासाठी थांबवायची नाही. पुढचा पूर थांबत नाही.

रात्रपाळी
थांबवा असं मी कधीच म्हटलेलं नाही, पण तसं वाचलं गेलं तर चूक माझ्या लिहिण्याची. खोडदसाठी अट आणि उतरवण्याची हमी, या दोन गोष्टींचा मसुदा करतोय. बंगळुरी, तांत्रिक भाग तुम्ही तपासणार का?

बंगळुरी मराठी
पाठवा. वनवेबही त्यात घातलंत तरच सही करीन.

टोमॅटो मार्केट
२८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला खोडदला दुर्बीण सगळ्यांना खुली असते, शाळांच्या गाड्यांची रांग लागते. तिथे या, मसुदा समोर बसून वाचू. भावाला पण आणतो. रेल्वेचा मुद्दा त्यात पाहिजे.